मांजराच्या डोळ्याजवळची जखम : जीवदयेच्या इतिहासातील एक उपेक्षित पान

स्मरणिका म्हटली की जिनालयाचा जीर्णोद्धार, चातुर्मासाच्या आठवणी, पाठशाळेची वाटचाल आणि दात्यांची नामावली हे विषय ओघानेच येतात. त्यांच्या जोडीला जीवदयेवर एखादा लेख असतोच, आणि त्या लेखात बहुधा गाय असते, बैल असतो, खाटकाकडून सोडविलेली बकरी असतात, कबुतरांचा चौथरा असतो. मांजर मात्र सहसा नसते. प्रस्तुत लेखाचा विषय तर त्याहूनही लहान आहे. दोन बोके रात्री गच्चीवर भांडतात आणि सकाळी त्यांतला एक डोळ्याखाली ओरखडा घेऊन जिन्यात बसलेला दिसतो. पापणी किंचित सुजलेली, कडेला वाळलेले रक्त. अशा वेळी जैन गृहस्थाने काय करावे? प्रश्न वरकरणी क्षुल्लक आहे. परंतु त्याचा मागोवा घेऊ लागले की आपल्या आचारग्रंथांतील एक अवघड पेच, खंबायत-सुरतेकडील जुने पशुआश्रम, मुंबईचे पांजरापोळ आणि अर्वाचीन पशुवैद्यक ही सारी एकाच वाटेवर भेटतात.

मांजराविषयी आपल्या ग्रंथकारांची भूमिका प्रारंभीच सांगितलेली बरी. ती अनुकूल नाही. स्वामी कार्तिकेयांच्या 'कार्तिकेयानुप्रेक्षा' ह्या प्राकृत ग्रंथात मांजरासारखे हिंसक प्राणी बाळगणे अनर्थदंडात गणले आहे. शस्त्रे आणि लोखंड विकण्याच्याच ओळीत ते येते. बाराव्या शतकात हेमचंद्राचार्यांनी 'योगशास्त्रा'च्या तिसऱ्या प्रकाशात श्रावकाला वर्ज्य असे पंधरा व्यवसाय सांगितले. त्यांतील 'असतीपोषण' ह्या प्रकारात मैना, पोपट, मांजर, कुत्रा, कोंबडा, मोर आणि दासी यांचे धनासाठी केलेले पोषण येते. कारण उघड आहे. मांजर बाळगणाऱ्याच्या घरी उंदराला अभय कसे राहणार? 'उत्तराध्ययनसूत्रा'च्या बत्तिसाव्या अध्ययनात ब्रह्मचर्याचा विचार करताना मांजराच्या निवासाजवळ उंदरांनी राहणे हिताचे नव्हे, असा दृष्टान्त आला आहे.

साहित्यातही मांजराच्या वाट्याला फारसे बरे काही आले नाही. जैन मुनी पूर्णभद्रांनी इ. स. ११९९ मध्ये सिद्ध केलेल्या 'पंचाख्याना'त दधिकर्ण नावाचा बोका तपस्व्याचे सोंग घेऊन न्यायनिवाड्यासाठी आलेल्या ससा आणि चिमण्या पक्ष्यालाच फस्त करतो. महाबलीपुरमच्या सातव्या शतकातील प्रचंड शिल्पपटावर मागच्या पायांवर उभे राहून तप करणारे मांजर कोरलेले आहे, आणि त्याच्या पायाशी भाबडे उंदीर आहेत. आपल्याकडच्या कीर्तनकारांना आणि व्याख्यानकारांना ढोंगाचे उदाहरण हवे असले की मांजर हाताशी असतेच.

मग डोळ्याखाली जखम घेऊन बसलेल्या बोक्याकडे पाठ फिरवावी काय? ग्रंथ असे सांगत नाहीत. वर्ज्य आहे ते धनासाठी वा हौसेसाठी हिंसक प्राण्याचे पोषण. दुःखी जीवाविषयीची अनुकंपा ही सम्यक्त्वाच्या पाच लक्षणांपैकी एक मानली आहे, आणि त्या अनुकंपेसाठी प्राण्याचा आहार विचारण्याची अट कोठे घातलेली नाही. पाळणे आणि शुश्रूषा करणे ह्या दोन गोष्टी जुन्या आचार्यांनी वेगळ्या ठेवल्या. माझ्या मते आपल्या समाजातील पुष्कळसा संभ्रम हा भेद विस्मरणात गेल्यामुळे झालेला आहे.

ह्याच संदर्भात 'तत्त्वार्थसूत्रा'च्या सातव्या अध्यायातील अहिंसाणुव्रताचे पाच अतिचार आठवावेत : बंध, वध, छेद, अतिभारारोपण आणि अन्नपाननिरोध. बांधणे, मारणे, अंग कापणे, अति ओझे लादणे, खाणेपिणे तोडणे. जखमी मांजराची शुश्रूषा करायची तर त्यातल्या पहिल्याच अतिचाराशी गाठ पडते, कारण त्याला धरून ठेवल्यावाचून डोळ्याजवळ हात नेता येत नाही. श्रावकाचारावरील टीकाकारांनी ही अडचण ओळखली होती. त्यांनी बंधनाचे सापेक्ष आणि निरपेक्ष असे दोन प्रकार केले. जनावर बांधायचेच तर ते सैल बांधावे, आग लागली तर चटकन सोडविता यावे, हे सापेक्ष बंधन. करकचून, निष्ठुरपणे बांधणे हे निरपेक्ष. छेदाविषयीही तोच विवेक आहे. गळू किंवा व्रण बरा करण्यासाठी कापणे वा डागणे हे निर्दयतेने अवयव तोडण्याच्या पंक्तीला बसत नाही. म्हणजे शस्त्रक्रियेला लागणारी मोकळीक आपल्या आचारशास्त्राने कित्येक शतकांपूर्वीच देऊन ठेवली होती.

तरी पेच पुरता सुटत नाही. बोका बरा होईल आणि पुन्हा उंदरामागे, कबुतरामागे धावेल, त्याचे काय? अठराव्या शतकात तेरापंथाचे प्रवर्तक आचार्य भिक्षू (१७२६–१८०३) यांनी मांजर आणि उंदीर ह्या उदाहरणाच्या निमित्ताने लौकिक दया आणि लोकोत्तर दया यांतील भेद मांडला. मांजराच्या तोंडून उंदीर सोडविणे हे लौकिक उपकाराच्या कक्षेत येते, आत्मशुद्धीचा मार्ग निराळा, असा त्यांच्या प्रतिपादनाचा रोख होता. अन्य संप्रदायांनी त्याचा जोरदार प्रतिवाद केला आणि हा वाद दीर्घकाळ चालला. दोन्ही बाजूंचे ग्रंथ आज उपलब्ध आहेत. जिज्ञासूंनी ते मुळातून वाचावेत. गृहस्थाच्या दृष्टीने एवढे ध्यानात घेतले तरी पुरे, की लौकिक कर्तव्य म्हणून शुश्रूषा करण्यास ह्या वादातील कोणत्याही पक्षाने गृहस्थाला बंदी घातलेली नाही.

आता इतिहासाकडे वळू. सम्राट अशोकाच्या दुसऱ्या शिलालेखात मनुष्यांसाठी आणि पशूंसाठी अशा दोन प्रकारच्या चिकित्सेची व्यवस्था केल्याचे आणि त्यासाठी उपयुक्त वनस्पती जेथे नव्हत्या तेथे आणवून लावल्याचे नमूद आहे. हा लेख गिरनारच्या पायथ्याशी असलेल्या शिळेवर आजही दिसतो. गिरनारच्या यात्रेला जाणारे आपले कित्येक बांधव ह्या शिळेजवळून जातात, पण थांबणारे थोडे. आश्रयस्थान आणि औषध ह्या दोन्ही गोष्टी त्या राजाज्ञेत एकत्र होत्या, हे लक्षात ठेवण्यासारखे आहे, कारण पुढच्या काळात त्यांची फारकत झालेली दिसते.

मांजरासाठी रुग्णालय असल्याचा स्पष्ट उल्लेख मिळतो तो सोळाव्या शतकाच्या अखेरीस. १५८३ मध्ये इंग्लंडहून निघालेला आणि १५९१ मध्ये मायदेशी परतलेला व्यापारी राल्फ फिच याच्या प्रवासवृत्तात खंबायतविषयी नोंद आहे. तेथील लोक कोणताही जीव मारीत नाहीत, लंगड्या कुत्र्यामांजरांसाठी आणि पक्ष्यांसाठी गावात रुग्णालये आहेत, मुंग्यांनाही ते अन्न घालतात, असे तो लिहितो. फिचला हे चमत्कारिक वाटले असावे. आपल्याला त्यातला 'मांजर' हा शब्द मोलाचा. ज्या प्राण्याला घरात ठेवण्याचा ग्रंथांनी निषेध केला, त्यालाच महाजनांनी गावाच्या खर्चाने आश्रय दिला होता. व्यक्तीने जे करू नये ते समाजाने करावे, अशी ही व्यवस्था दिसते.

त्यानंतर तीस-बत्तीस वर्षांनी, १६२३ मध्ये, पिएत्रो देल्ला वाल्ले हा इटालियन प्रवासी खंबायतला आला. त्याने पक्ष्यांचे रुग्णालय स्वतः पाहिले आणि फार बारकाईने वर्णिले. आजारी, लंगडे, जोडीदार नसलेले पक्षी तेथे ठेवले जात. बरे झालेले रानपक्षी सोडून देत आणि माणसाळलेले कोणा धर्मशील गृहस्थाच्या हाती सोपवीत. त्याच ठिकाणी त्याला पांढऱ्या दाढीचा एक वृद्ध दिसला. नाकावर चष्मा लावून तो पेटीत कापसावर ठेवलेल्या उंदराच्या पोरक्या पिल्लांना पक्ष्याच्या पिसाने दूध पाजीत होता. मोठी झाली की त्यांना वाटेल तिकडे जाऊ देणार, असे त्याने पाहुण्याला सांगितले. त्या वृद्धाचे नाव कोणी टिपून ठेवले नाही. पण चष्मा आणि पीस हे दोन तपशील असे आहेत की पाहणाऱ्याने ते कल्पनेने रचले असतील असे वाटत नाही. लहान जिवाची सेवा करायची तर नजर बारीक हवी आणि साधनही बारीक हवे, हे त्या म्हाताऱ्याला उमगलेले होते.

ह्या परंपरेतूनच गुजरात-सौराष्ट्रातील पांजरापोळे वाढली. व्यापारी महाजन आपल्या मालावर स्वेच्छेने लागत लावून घेत आणि त्यातून ती चालत. अहमदाबादसारख्या ठिकाणी किडामुंगीसाठी जीवातखानादेखील होता. मुंबईच्या पांजरापोळाचा जन्म मात्र एका दंग्यातून झाला. मोकाट कुत्री मारण्याचा सरकारी हुकूम शहरात पूर्वीपासून होताच. १८३२ मध्ये त्याची मुदत वाढविण्यात आली आणि प्रत्येक कुत्र्यामागे आठ आणे बक्षीस असल्याने शिपाई कुत्र्यांच्या मागे घरांतही शिरू लागले. जून महिन्यात पारशी मंडळी रस्त्यावर आली. दुसऱ्या दिवशी दुकाने बंद राहिली आणि जैन, हिंदू, इस्माइली व्यापारीही त्यांत सामील झाले. कोटातील गोऱ्यांचा व्यवहार थंडावला. पुढे १८३४ मध्ये सर जमशेटजी जीजीभाई आणि शेठ मोतीचंद अमीचंद, म्हणजे आपले मोतीशा शेठ, यांच्या पुढाकाराने भुलेश्वर भागात पांजरापोळ उभे राहिले. शत्रुंजयावरची मोतीशा टूंक आणि भायखळ्याचे आदीश्वर मंदिर ज्यांच्या नावाशी निगडित आहे तेच हे मोतीशा शेठ. त्यांच्या ह्या तिसऱ्या कार्याचा उल्लेख तुलनेने कमी होतो.

पांजरापोळाने दिले काय? निवारा, चारा, पाणी आणि नैसर्गिक मृत्यूपर्यंतचे अभय. हे थोडे नव्हे. परंतु चिकित्सा हा त्याचा मुख्य हेतू कधीच नव्हता. गाय, बैल, घोडा यांना ही व्यवस्था मानवते. मांजराला ती मानवत नाही. ते गोठ्यात बसून चारा खात नाही, दावणीला राहत नाही, आणि ज्या आवारात कबुतरे वा उंदीर आश्रयाला आहेत तेथे त्याला मोकळे सोडता येत नाही. आश्रयाच्या कल्पनेत मांजर कायम अवघडच बसले. दिल्लीत लाल मंदिराच्या आवारातील धर्मार्थ पक्षी रुग्णालयाने ह्याच पेचावर आपला तोडगा काढलेला आहे. मांसाहारी शिकारी पक्ष्यांना तेथे मुक्कामी ठेवून घेत नाहीत, पण जखमेवर उपचार मात्र बाह्यरुग्ण म्हणून करतात. काहींना हा भेदभाव वाटतो. मला तो वर सांगितलेल्या पोषण-शुश्रूषा विवेकाचाच आविष्कार वाटतो. घराच्या जिन्यातल्या बोक्यालाही तो तंतोतंत लागू पडतो.

आता विद्येचा प्रश्न. दशवैकालिकाच्या चौथ्या अध्ययनात ज्ञानाला दयेच्या आधीचे स्थान दिले आहे. जो जाणत नाही तो काय करणार, असा तेथील आशय आहे. मांजराच्या बाबतीत दया खंबायतेत सोळाव्या शतकात होती, ज्ञान मात्र फार उशिरा आले. आपल्या प्राचीन पशुवैद्यकात शालिहोत्र घोड्यांचा, पालकाप्य हत्तींचा. राजाला जे प्राणी लागत त्यांचे शास्त्र झाले. युरोपातही निराळे घडले नाही. फ्रान्समधील लियाँ येथे क्लोद बुर्जला याने १७६१-६२ मध्ये जगातील पहिले पशुवैद्यक विद्यालय काढले ते घोडे आणि गुरांच्या साथी डोळ्यांसमोर ठेवून. मुंबईत १८७४ मध्ये प्राणिक्रूरता प्रतिबंधक संस्था स्थापन झाली, त्यानंतरच्या दशकात परळला सर दिनशा माणेकजी पेटिट यांच्या दानातून बाई साकरबाईंच्या नावाचे पशुरुग्णालय उभे राहिले आणि १८८६ मध्ये तेथेच मुंबई पशुवैद्यक महाविद्यालय सुरू झाले. त्या काळची मुंबई घोड्यांवर चालत होती. १८७४ पासून १९०५ पर्यंत ट्रामगाड्याही घोडेच ओढीत. मांजर कोणाची गाडी ओढत नव्हते आणि दूधही देत नव्हते. त्याच्या रोगांचा स्वतंत्र अभ्यास जगभरातच मुख्यतः विसाव्या शतकाच्या उत्तरार्धात झाला.

ह्या उशिराची किंमत मांजरांनी मोजली, आणि ती मुख्यतः दयाळू माणसांच्या हातून. १८६७ मध्ये लिस्टरने कार्बॉलिक आम्लाने जखमा धुण्याची पद्धत प्रसिद्ध केली आणि ती माणसांना संजीवनी ठरली. त्याच वर्गातील फिनाईल आणि तत्सम जंतुनाशके मांजराला विषारी आहेत. फिनॉलसारखे पदार्थ निकामी करून बाहेर टाकण्याची जी क्रिया इतर प्राण्यांच्या यकृतात सहज होते ती मांजराच्या यकृतात फार मंद असते. शिवाय मांजर अंगाला लागलेले सारे चाटून पोटात घेते. ह्याच कारणाने ताप-अंगदुखीवर आपण घेतो ती पॅरासिटामॉलची एक गोळीही मांजराचा जीव घेऊ शकते. आपल्या घरी मुलाला जे दिले ते मुक्या जिवालाही द्यावे, ही बुद्धी प्रेमाची असली तरी येथे ती घातक ठरते.

डोळ्याची गोष्ट आणखी नाजूक. बुबुळावरचा पारदर्शक पडदा अर्धा-पाऊण मिलिमीटर जाडीचा. बोक्याची नखी पापणीवर लागली असे वरून दिसते, पण तिचे टोक ह्या पडद्यालाही ओरखडून गेले की नाही हे नुसत्या डोळ्यांनी कळत नाही. त्यासाठी जो पिवळसर-नारिंगी रंग डॉक्टर डोळ्यात घालतात तो फ्लुओरेसिन. अडॉल्फ फॉन बायर याने तो १८७१ मध्ये प्रथम तयार केला आणि त्यानंतरच्या दशकातच तो नेत्रचिकित्सेत आला. पडद्याला जेथे जखम असेल तेथे तो शोषला जातो आणि निळ्या प्रकाशात ती जागा हिरवी चमकते. ही तपासणी काही मिनिटांची आणि अल्प खर्चाची आहे, आणि तिच्यावाचून डोळ्यात कोणतेही औषध घालू नये, असा पशुवैद्यांचा आग्रह असतो. तो आग्रह सकारण आहे. घरात शिल्लक राहिलेल्या माणसाच्या डोळ्यांच्या थेंबांत पुष्कळदा स्टेरॉईड असते. त्याने लाली उतरते, पाहणाऱ्याला बरे वाटते, आणि पडद्यावर जखम असेल तर ती आतल्या आत खोल जाऊन डोळा फुटण्याची वेळ येते.

दुसरी एक बाब १९५० च्या दशकाच्या अखेरीस कळली. मांजरात नागीणवर्गातील एक विषाणू असतो. लहानपणी सर्दीच्या रूपाने तो येऊन जातो, पण शरीरात दडून राहतो आणि ताण पडला की पुन्हा डोके वर काढून बुबुळावर व्रण करतो. भांडणात जखमी झालेले, घाबरलेले, अनोळखी घरात कोंडलेले मांजर म्हणजे ताणाचे मूर्तिमंत उदाहरण. तेव्हा डोळा लाल आहे तो नखीमुळे की ह्या विषाणूमुळे, हेही जाणकारानेच ठरवायचे असते.

मग घरी काय करता येते? प्रथम पाहावे. हात लावण्यापूर्वी दुरूनच, चांगल्या उजेडात. जखम पापणीच्या बाहेर कातडीवर आहे, डोळा पूर्ण उघडा आहे, बुबुळ काचेसारखे स्वच्छ आहे, दोन्ही बाहुल्या सारख्या आहेत आणि मांजर खातपीत आहे, एवढे असेल तर घाबरण्याचे कारण नाही. डोळा मिटूनच धरला आहे, सतत पाणी गळते आहे, बुबुळावर धुरकट वा निळसर झाक आली आहे, हिरवापिवळा पू येतो आहे, किंवा आतल्या कोपऱ्यातून पांढरी तिसरी पापणी वर चढली आहे, ह्यांतले काहीही दिसले तर त्याच दिवशी जनावरांच्या डॉक्टरांकडे न्यावे. डोळ्याच्या बाबतीत उद्यावर ढकलणे नको.

साध्या ओरखड्यासाठी पाणी उकळून, गाळून, कोमट होऊ द्यावे. अर्ध्या लिटरला सपाट एक चहाचा चमचा मीठ, म्हणजे सुमारे पाच ग्रॅम, पुरते. अश्रूंचा खारटपणा साधारण तेवढाच असतो. मांजराला जाड टॉवेलमध्ये गुंडाळावे, तोंड तेवढे बाहेर. येथे सापेक्ष बंधनाचा जुना विवेक अक्षरशः उपयोगी पडतो : चारही पाय आत राहतील इतके घट्ट, श्वास कोंडणार नाही आणि क्षणात सोडता येईल इतके सैल. एकाने धरावे, दुसऱ्याने पुसावे. स्वच्छ गॉजचा तुकडा त्या पाण्यात भिजवून वाळलेल्या रक्तावर अर्धा मिनिट नुसता ठेवावा. खपली मऊ झाली की डोळ्याच्या आतल्या कोपऱ्याकडून बाहेर असे एकदाच पुसून तो तुकडा टाकून द्यावा. पुन्हा पुसायचे तर नवा तुकडा. कापूस शक्यतो टाळावा, त्याचे तंतू पापणीत अडकतात. दिवसातून दोन वेळा एवढेच. हळद, कापूर, तूप, तुरटी, स्पिरिट, हायड्रोजन पेरॉक्साईड यांपैकी काही नको. हळदीची आपल्याकडे मोठी महती आहे आणि अन्यत्र ती योग्यही असेल, पण हळदीची पूड डोळ्यात गेली तर ती नुसती खुपते आणि चोळण्याने जखम वाढते.

मांजर तोंड धुते ते पंजा चाटून आणि तो चेहऱ्यावर फिरवून. त्यामुळे तोंडातले जंतू जखमेत जातात आणि नखांनी खपली निघते. ते फार चोळू लागले तर डॉक्टर गळ्याभोवती शंकूच्या आकाराची कॉलर घालतात. दुकानात तिला 'कोन' म्हणतात. दिसायला ती गमतीदार असते आणि पहिल्या दिवशी मांजर तिला मुळीच दाद देत नाही. दुसरे पथ्य सुजेचे. बोक्यांच्या नखीची वा दाताची जखम तोंडाने लहान आणि आत खोल असते. वरचे छिद्र लगेच बुजते आणि आत पू साठतो. दोन ते चार दिवसांनी गालावर मऊ, गरम, दुखरा उंचवटा आला तर ते गळू समजावे. ते घरी दाबून फोडू नये. डोळ्याइतक्या जवळ ते काम शस्त्रक्रियेचे आहे.

शुश्रूषा करणाऱ्याविषयीही दोन शब्द आवश्यक आहेत. अनोळखी मांजर चावले किंवा त्याने ओरबाडून रक्त काढले, तर जखम साबण आणि वाहत्या पाण्याखाली पंधरा मिनिटे धुवावी आणि त्याच दिवशी रेबीजच्या लशीसाठी रुग्णालय गाठावे. रेबीज केवळ कुत्र्याचा रोग नव्हे. पाश्चरने १८८५ मध्ये लस दिल्यापासून हा रोग टाळता येतो, पण लक्षणे दिसू लागल्यावर तो जवळपास नेहमीच प्राणघातक ठरतो. लहान मुलांना आणि वृद्ध श्राविकांना ह्या कामात पुढे करू नये.

आहाराचा प्रश्न राहिलाच, आणि आपल्या घरांत तोच सर्वांत नाजूक. दूध-पोळी, दहीभात यांवर मांजर जगते असा सर्वत्र समज आहे. १९७५ मध्ये अमेरिकेतील संशोधकांनी दाखवून दिले की टॉरिन नावाचे द्रव्य आहारात नसेल तर मांजराच्या डोळ्याचा आतला पडदा झिजत जातो आणि ते आंधळे होते. १९८७ मध्ये ह्याच उणिवेचा हृदयविकाराशी संबंध सिद्ध झाला. हे द्रव्य मांसात असते, वनस्पतींत जवळपास नसते, दुधात अत्यल्प. आणि मांजराचे शरीर ते पुरेसे तयार करू शकत नाही. म्हणजे ज्याच्या डोळ्याबाहेरची जखम आपण निगुतीने पुसली त्याला वर्षानुवर्षे केवळ दूध-पोळीवर ठेवले तर त्याची दृष्टी आपणच आतून घालवितो. कारखान्यात रासायनिक रीतीने तयार केलेले टॉरिन आज मिळते आणि तयार खाद्यात ते मिसळलेले असते. पण त्या खाद्यात बहुतेक वेळा मांसही असते. मांस नसलेले खाद्यही निघाले आहे, ते देण्यापूर्वी मात्र डॉक्टरांचा सल्ला घेतला पाहिजे. जुन्या आचार्यांनी मांजर पाळण्याचा निषेध केला तेव्हा त्यांच्यासमोर उंदीर होता. आजच्या शास्त्राने त्या निषेधाला मांजराच्या बाजूनेही एक कारण जोडले आहे, असे म्हणावयास हरकत नाही. ज्याचे स्वाभाविक अन्न आपण देऊ शकत नाही त्याला आपल्या घराचे कायमचे बंदी करण्यात कोणती दया?

चार-आठ दिवसांच्या पाहुण्याला मात्र ह्याची बाधा होत नाही. पापणीवरचा वरवरचा ओरखडा आठवड्याभरात भरतो. बुबुळाच्या पडद्यावरचा उथळ ओरखडा डॉक्टरांच्या औषधाने बहुधा त्याहून लवकर. ह्या काळात जिन्याखालचा किंवा गॅलरीतला एखादा शांत कोपरा, पुठ्ठ्याचे खोके, जुने धोतर, पाण्याची वाटी आणि वाळूचे घमेले एवढी सिद्धता पुरते. भडक उजेड टाळावा, धूप-उदबत्तीचा धूर तेथे नको. सूज उतरली, डोळा दोन्ही बाजूंनी सारखा उघडू लागला, खपली आपणहून गळून पडली, की तेथे नवी गुलाबी कातडी दिसते. काही दिवस तिच्यावर केस नसतात. मग ज्या जागेवरून बोका उचलला तेथेच, त्याच गच्चीवर वा त्याच गल्लीत, दिवसाउजेडी सोडावा. दुसऱ्या वस्तीत नेऊन सोडला तर तिथले बोके त्याला पुन्हा गाठतात. खोक्याचे झाकण उघडावे आणि बाजूला व्हावे. तो बाहेर येतो, एकदा पंजा चाटतो, आणि वाटेल तिकडे निघून जातो.